नळीतली घरघर

ह्यांचा झोपेत श्वास थांबतो, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमची चंदीगडला बदली होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. घरात सीपॅप मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला लांब नळी आणि नळीतून दाबाने येणारी ओलसर हवा. दुपारी डुलकी काढली तरी ते लावायचंच, अशी ताकीद होती.

त्रेचाळीस सेक्टरमधल्या दुकानातून आलेल्या माणसाने मशीन पलंगाशेजारच्या बुटक्या स्टुलावर ठेवलं. तो जिना उतरला नसेल, तोवर मी ते उचलून उशाच्या वरच्या फळीवर नेलं. ज्यावर नवऱ्याचा श्वास चालतो ते पायाशी कसं ठेवायचं? दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूलही वाहिलं. लेक म्हणाली, "मम्मी, इसको भी?" मी म्हटलं, "ह्यालाच आधी."

डिसेंबरात धुकं उतरलं. चार दिवस ऊन नाही, फरशीवर पाय ठेववेना. रविवारी दुपारी हे रजई ओढून झोपले होते आणि मी बाहेरच्या खोलीत मटार सोलत होते. आतून आवाज आला. घर्र. थांबला. पुन्हा आला.

तो आवाज मला ठाऊक होता. माझे वडील गेले त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या घशात तोच वाजत होता. आत्या दारातून एवढंच म्हणाली होती, "घरघर लागली." त्यानंतर कुणी डॉक्टरला फोनही केला नाही.

मटार सांडले. मी आत कशी पोचले आठवत नाही. दोन्ही हातांनी मास्क ओढला, आणि गार पाणी ह्यांच्या गालावर, उशीवर सांडलं. ते पाणी त्यांच्या छातीतलंच आहे असं मला वाटलं. हे दचकून उठले, "अगं, काय करतेस?"

लेकीने नळी उजेडात धरली. आत थेंबच थेंब. तिने मशीनवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

"मशीन रखी कहाँ है जी?"

"ऊपर."

"सिर से नीचे रखो जी."

कोमट दमट हवा थंड नळीत आली की तिचं पाणी होतं. मशीन वर असलं की ते पाणी उताराने थेट नाकाशी येतं, खाली असलं की मशीनकडे परत जातं. नळीला कापडाची खोळ घाला, मशीनवरचा ओलाव्याचा आकडा एकने कमी करा, म्हणाला. म्हणजे मीच भक्तिभावाने नवऱ्याच्या नाकात पाणी सोडत होते. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

संध्याकाळी ह्यांच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून खोळ शिवली. मशीन पुन्हा स्टुलावर ठेवलं, पडद्यापासून लांब, हवा ओढायला मोकळी जागा सोडून. हे विचारत राहिले, "तुला नेमकं वाटलं काय?"

"पाण्याचा आवाज आला," मी म्हटलं. आत्याचा तो शब्द मी ह्या घरात अजून उच्चारलेला नाही.

आता नळी वाजत नाही. भीती मात्र गेलेली नाही. हे दुपारी झोपले की मी काहीतरी निमित्त काढून आत जाते आणि छाती हलते का बघते. परवा तशीच गेले, आणि माझा पाय मशीनला लागलाच. मी वाकून त्याला नमस्कार केला. मान वर केली तर हे मास्क बाजूला करून माझ्याकडे बघत होते.

"नमस्कार पोचला," म्हणाले.

मी तिथेच गार फरशीवर बसले आणि रडले.