एकेचाळिसावी डिस्क

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मोडीत निघाले की हार्डडिस्कचा चुरा करायला एका कंपनीचा माणूस मशीन घेऊन येतो. डिस्क दोनदा मोजतो आणि आकडा जुळेपर्यंत चहाला शिवत नाही. मी काटेकोर, म्हणून साक्षीदाराची सही माझी असते.

मागच्या खेपेला म्हणाला, "साहेब, एकेचाळीस पाहिजेत. चाळीसच आहेत."

"लिहून टाका ना एकेचाळीस."

तो खुर्ची ओढून बसला. चहा निवत गेला.

शेवटी मीच डब्याच्या पिशवीत लपवलेली डिस्क काढली. "मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत हो. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"सगळ्यांचंच काहीतरी असतं, साहेब," म्हणत त्याने ती मशीनमध्ये टाकली.

मग सर्टिफिकेट पुढे केलं. एकही डिस्क बाहेर गेली नाही, याला साक्षीदार म्हणून मी सही केली.

"आता सांगा गरम चहा," तो म्हणाला.