बिनशिक्क्याची पेटी

वर्धा जिल्ह्यात वस्तूंवर काडीचाही विश्वास न ठेवणारा आणि माणसांवर मात्र पाहताक्षणी ठेवून मोकळा होणारा असा एकच गृहस्थ मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. घड्याळ असो, दुधाचं माप असो, शिंप्याची पट्टी असो, मामाजींसमोर प्रत्येक वस्तूला आपलं खरेपण सिद्ध करावं लागे. उलट स्टेशनावर पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या माणसाच्या हाती आपली थैली सोपवून ते खुशाल चहा प्यायला जात. त्यांनी तीस वर्षं वजनमापं तपासायची सरकारी नोकरी केली होती. सिंदीच्या कापूस बाजारातले मोठाले काटे, आंजीच्या किराणा दुकानातले तराजू, कापडवाल्यांचे लोखंडी मीटर, या सगळ्यांवर दरसाल त्यांच्या हातचा ठसा उठायचा. सिंदीच्या एका व्यापाऱ्याचं किलोचं वजन एकदा बुडाशी कोरलेलं सापडलं. ते कोणी कोरलं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मामाजींनी मात्र ते वजन जप्त केलं, त्या वजनालाच चार शब्द सुनावले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "तुमी सांभाळून राहा, शेठजी. हे तुमाले फसवून राह्यलं होतं." म्हणतात की तो व्यापारी इतका शरमला, की पुढे त्याच्या दुकानात माल दोन दाणे जास्तच मिळायचा.

निवृत्त झाल्यावर सरकारनं ठसा परत घेतला, पण मामाजींची नजर काही जमा करून घेतली नाही. त्यांनी स्वतःसाठी पितळेचं एक किलोचं वजन घेतलं आणि दर वर्षी आपल्याच जुन्या कार्यालयात, आपल्याच हाताखाली शिकलेल्या पोरांसमोर रांगेत उभं राहून ते तपासून आणू लागले. जोडीला तीन थर्मामीटर. त्यांतलं एक कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून मिळवलेलं, लांब आणि नाजूक. पंधरा दिवसांनी एकदा ही तिन्ही आधी बर्फाच्या चुऱ्यात आणि मग उकळत्या पाण्यात उभी करून त्यांची परीक्षा व्हायची. मामी बिचारी चहाचं आधण ठेवायची आणि मामाजी त्यात थर्मामीटर सोडायचे. वर्ध्याचं पाणी शंभराला उकळत नाही, पाऊण अंश आधीच उकळतं, हे मला त्या चहामुळे कळलं. मी सिंदीच्या शाळेत मराठी शिकवणारा माणूस. माझ्या आयुष्यात पाऊण अंशानं कधीच काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे मला या प्रकाराचं हसू यायचं.

दवाखान्यांचा नाद त्यांना लागला तो आंजीच्या एका चुलत मेहुण्यामुळे. या मेहुण्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं होतं आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते दोन वर्षं अळणी जेवत होते. गोळाभाताला मीठ नाही, पाटोडीला मीठ नाही. माणूस स्वभावानं अगदी विरक्त होत चालला होता. मामाजी सहज त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पण हवा भरण्यापूर्वीच मामाजींनी हात वर केला आणि विचारलं, की पारा आत्ताच चौदावर काऊन उभा हाय? रिकाम्या तराजूचं पारडं खाली जावं तसला तो प्रकार होता. पारा जास्त भरला गेला होता आणि त्या यंत्रानं दोन वर्षं गावातल्या प्रत्येकाच्या दंडावर चौदा जास्त चढवले होते. डॉक्टर भले माणूस, त्यांनी तिथल्या तिथे कान पकडले. मेहुण्यांनी घरी येऊन आधी नुसतं मीठ चाटलं, आणि मग डॉक्टर, यंत्र आणि मामाजी या तिघांवरही आठ दिवस रुसून बसले. दोन वर्षांपूर्वीच काऊन नाई आले, असं त्यांचं मामाजींवर म्हणणं होतं.

तेव्हापासून मामाजी आजाऱ्याला भेटायला गेले की आजाऱ्याआधी त्याच्या उशापाशी काय काय ठेवलंय ते पाहत. सुया उकळायला ठेवल्या की मनगटावरचं घड्याळ समोर धरून मिनिटं मोजत. चार मिनिटांत झाकण उघडणाऱ्या कंपाउंडरला, आणखी सोळा मिनिटं थांबायला माझी काही हरकत नाही, असं इतक्या नम्रपणे सांगत, की तो मुकाट्यानं झाकण परत ठेवी. लोक त्यांना दारात पाहिलं की आपली औषधं उशीखाली सारत. मीही चारचौघांत त्यांच्या नकला करत असे. हे आता कबूल करतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, आई लहानपणापासूनच नव्हती. मामाजींनीच तिला वाढवलं, त्यामुळे पहिलं बाळंतपण वर्ध्याला त्यांच्याकडेच होतं. आठव्या महिन्यातच तिच्या पोटात दुखू लागलं आणि तिला एका डॉक्टरीणबाईंच्या खाजगी दवाखान्यात हलवलं. बाई हाताच्या हुशार आणि जिवाला जीव देणाऱ्या. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. एवढ्या लहान जिवाला ऊब लागते म्हणून बाईंनी नागपूरहून एक पेटी आणवली होती. लाकडाची, वर काचेचं झाकण, आत चार बल्ब आणि पुढे तापमान दाखवणारी गोल तबकडी. जिल्ह्यात अशी पेटी दोन-तीन ठिकाणीच होती आणि बाईंना तिचं फार कौतुक होतं. काचेतून मुलीकडे बघताना मलाही वाटलं, विज्ञानानं केवढी सोय केली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीला ताप भरला. अंग लालबुंद, श्वास भराभर. रक्तात जंतुदोष झाला असावा असं समजून बाईंनी सुया सुरू केल्या. मी आणि सुमन एकमेकांकडे पाहणंही टाळत होतो. अशात मामाजी थैली घेऊन आले. त्यांनी आधी बाळं तोलायच्या काट्यावर आपलं पितळी वजन ठेवलं. काटा बरोबर एक किलोवर थांबला, तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग पेटीपाशी गेले. तबकडी चौतीस अंश दाखवत होती. बाईंनी सांगितलं तेवढंच. मामाजी खाली वाकून तबकडी कुठे बसवली आहे ते बघत राहिले. ती हवा आत यायच्या भोकाला अगदी लागून होती. मुलगी होती दुसऱ्या टोकाला, बल्बांखाली. आपलं थर्मामीटर मुलीच्या शेजारी ठेवू द्या, असं त्यांनी नर्सला विनवलं. नर्सनं नकार दिला आणि बाईंना बोलावलं.

बाई दोन रात्री झोपल्या नव्हत्या. त्या चिडल्याच. पेटी नवी आहे, बनवणाऱ्यानं तपासून दिल्याचा कागद आहे, आणि तुम्ही बाहेर बसा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मामाजींचा हात धरून त्यांना दाराकडे वळवूही लागलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा हात झिडकारला.

"तराजू बनवणारानंच शिक्का मारला असता, बाई," ते म्हणाले, "तं सरकारनं मले तीस वर्षं कायले पोसलं? किलोभर तुरीच्या दाळीसाठी सरकारचा माणूस गावोगाव फिरते. आन् ह्या पावणेदोन किलोच्या लेकरासाठी कोणीच नाई?"

आवाज चढला नव्हता. बाईंनी स्वतः झाकण उचललं आणि हात पुढे केला. मामाजींनी तिन्ही थर्मामीटर त्यांच्या हातावर ठेवली आणि बाईंनी ती मुलीच्या शेजारी मांडली. पाच मिनिटं आम्ही सगळे त्या काचेभोवती उभे होतो. पहिल्यानं एकोणचाळीस दाखवलं. दुसऱ्यानंही एकोणचाळीस. तिसऱ्यानं साडेएकोणचाळीस.

बाईंनी मुलीला उचललं, सुमनच्या उघड्या छातीशी लावलं आणि वरून पदर टाकला. दुपारी चारपर्यंत मुलीचा ताप उतरला. संध्याकाळी ती रडली, अगदी मांजराच्या पिलासारखी, आणि मामी व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मामाजींना आपल्या खोलीत बोलावलं. मी सोबत होतो. त्यांच्यासमोर रजिस्टर उघडं होतं. आदल्या महिन्यात त्याच पेटीत एक बाळ होतं, असंच ताप येऊन गेलं. अशक्त होतं, टिकलं नाही, अशी सगळ्यांची समजूत झाली होती. हे सांगून बाईंनी विचारलं, "मामाजी, ते बाळ पेटीमुळे गेलं का?"

मामाजींच्या जागी मी असतो तर नाही म्हणालो असतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तवाचं माप कोणी घेतलं नाई, बाई. न घेतलेल्या मापावर मी सही करत नाई. गेलं असंन, नसंन बी. अशा पेट्या अजून कुठं कुठं हायेत, ते मले पाह्यलं पायजे." बाई रडल्या. मामाजी त्यांच्यासमोर खुर्चीत तसेच बसून राहिले, जणू तेही त्यांचं कामच होतं.

चार दिवसांनी आम्ही दोघं नागपूरला त्या पेटीवाल्याकडे गेलो. मी मनात भांडणाची तयारी करूनच निघालो होतो. तो रेडिओच्या लाकडी पेट्या बनवणारा साधा कारागीर निघाला. कोणा डॉक्टरनं चित्र काढून दिलं, त्यावरून त्यानं पेटी केली. चांगली दिसली म्हणून आणखी मागण्या आल्या. तबकडी तिथे का बसवली, तर तिथे शोभत होती म्हणून. अशी पेटी तपासून घ्यायची असते का आणि कोणाकडून, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारं कोणी नव्हतंच. एकूण अकरा केल्या, असं तो म्हणाला. त्या कुठे गेल्या, तर काही डॉक्टरांनी नेल्या, काही एका फिरत्या विक्रेत्यानं. यादी नव्हती. कापसाच्या गाठीवरसुद्धा नंबर असते, इतकंच मामाजी म्हणाले, आणि मग त्या माणसाचा पडलेला चेहरा बघून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या कारागिरानं दुकानाला कुलूप घातलं, पेचकस आणि तबकड्या बसवायचं सामान पिशवीत भरलं आणि तो आमच्यासोबत वर्ध्याच्या गाडीत बसला.

पुढची दोन वर्षं हा साठीतला माणूस एसटीनं पेट्या शोधत हिंडला. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, पार यवतमाळपर्यंत. कधी कारागीर सोबत असे, सुट्टी असली की मी. आर्वीच्या डॉक्टरांना ते विक्रेते वाटले आणि त्यांनी दोनदा दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा मामाजी रोग्यांच्या रांगेत बसले आणि आपली पाळी आल्यावर, मले काई झालं नाई, तुमच्या पेटीले झालं हाय, असं म्हणाले. हिंगणघाटच्या पेटीत कंपाउंडरच्या बायकोचे पापड वाळत होते. आत बाळ नाही हे पाहून मामाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी ते पापड विकत मागितले. एकेका पेटीची तबकडी हलवून, एक बल्ब काढून, तिन्ही थर्मामीटरांनी पास केल्यावर ते झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख घालत आणि खाली सही करत. त्या सहीला कायद्यानं काहीही किंमत नव्हती. दहा पेट्यांवर अशी सही झाली. अकरावी काही सापडली नाही.

मधल्या काळात त्यांनी अर्जही केले. जीव ज्याच्यावर टेकतो त्या प्रत्येक यंत्राला, विकण्याआधी कोणी तिऱ्हाइतानं तपासून शिक्का मारावा, ते कुठे गेलं याची नोंद ठेवावी, आणि बिघाड निघाला तर सगळी परत बोलावावीत, एवढंच मागणं. मसुदा माझ्याकडून शुद्ध करून घ्यायचे. एका कार्यालयानं कळवलं, की आम्ही औषधांचं पाहतो आणि पेटी हे औषध नव्हे. दुसऱ्यानं कळवलं, की आम्ही वजनमापांचं पाहतो आणि पेटीनं काही तोललं जात नाही. मामाजी ही उत्तरं रागानं नाही, नवलानं वाचायचे. दोन्ही साहेब खरे बोलून राह्यले, असं म्हणायचे, आणि नवा कागद घ्यायचे.

अकराव्या पेटीसाठी आमची शेवटची फेरी झाली तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं आणि माझी मुलगी वर्ध्याला मामाजींकडे राहून शाळेत जाऊ लागली होती. सेलूच्या पुढच्या एका खेड्यात तशी पेटी आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. गेलो, तर ती कोंबडीची अंडी उबवायची निघाली. मामाजींनी तीही तपासली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. आता ते फार थकत. दुपारचं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. मला वाटलं डोळा लागला. पवनारजवळ धाम नदीचा पूल आला तेव्हा बाहेरच बघत म्हणाले, "जवाईबापू, बाईंच्या इथलं ते गेलेलं लेकरू, ते पोरगं होतं का पोरगी, मी इचारलंच नाई."

मला माहीत होतं. मुलगी होती, असं नर्सनं तेव्हाच सांगितलं होतं. मी मामाजींच्या हाताकडे बघत राहिलो. माझ्या मुलीला शाळेतून आणायला रोज तोच हात जायचा, आणि रस्ता ओलांडताना तिची चारही बोटं घट्ट धरून ठेवायचा. मला माहीत नाही, असं मी म्हणालो. त्यांनी लगेच मान डोलावली. माणसाचं बोलणं त्यांनी कधी तपासून पाहिलंच नव्हतं. गाडी पूल ओलांडून वर्ध्याच्या रस्त्याला लागली, आणि मी खिडकीची काच थोडी वर सरकवली, कारण वारा त्यांच्या डोळ्यांत जात होता.