टोपी बाजारातला कीबोर्डवाला

आमच्या हिंदीभाषक शहरातल्या टोपी बाजारात जुने सॅम्पलर कीबोर्ड विकणारे एक गृहस्थ आहेत. खरे आवाज फ्लॉपीत भरून पट्ट्यांवर वाजवायचे ते कीबोर्ड. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांकडून ते मिळवतात. घेताना ज्या खरखरीला नाकं मुरडतात, तिलाच विकताना "असली पुराना टोन" म्हणतात. माझा त्यांच्यावर कधी विश्वास बसला नाही.

तरी माझा थोरला भाऊ, दादा, वारल्यावर त्याचा कीबोर्ड मी त्यांनाच विकला. दुसरं कोणी घेईना. सोबतच्या फ्लॉप्या त्यांनी न तपासताच खिशात टाकल्या.

"बेकार आहेत, भाऊसाहेब. चलणार नाहीत."

मग खिशात कशाला, असं मनात आलं.

महिन्याभराने ते दर्पण कॉलनीत आमच्या दारात उभे राहिले. हातात पेनड्राइव्ह होता.

"एका फ्लॉपीत बाजा नाही, माणूस बोलतोय. मराठीत. तुमच्या घरचा वाटला."

लॅपटॉपवर लावलं. दादाच होता. "बाळ्या, दार लाव रे, पंख्याचा आवाज येतोय." एवढंच. बाळ्या म्हणजे मी. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

शेवटी मी विचारलं, "तुमच्याकडे याची कॉपी आहे?"

"आहे ना. आवाज अच्छा है."

"पुसून टाका."

"पुसतो," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

पुसला की नाही, मी कधी विचारलं नाही. त्यांच्या दुकानावरून जाताना मात्र पाय आपोआप मंदावतात, आणि आत काय वाजतंय ते मी ऐकतो.