पुजलेला मायक्रोमीटर

ऐंशीच्या दशकात बेळगावच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन येणार होतं. ते शिकायला एकालाच पाठवणार होते, म्हणून दसऱ्यानंतर परीक्षा ठेवली. खंडेनवमीला आम्ही आपापल्या मशीनची पूजा केली. मी जरा जास्तच भक्तीनं, जाडी मोजायच्या मायक्रोमीटरच्या तोंडालाही आतून कुंकू लावलं.

परीक्षेत लोखंडी दांडा दिलेल्या मापाला कातायचा होता, केसभरही चुकायचं नव्हतं. मी मोजला, तर किंचित जाड भरला. पुन्हा कातला. परीक्षा घेणारे साहेब अगदी पाठीशी उभे होते. शेवटी माप बरोबर आलं.

साहेबांनी स्वतःच्या मायक्रोमीटरनं मोजलं. दांडा बारीक झाला होता, आणि कातलेलं लोखंड परत चिकटत नाही.

"तुमचं माप चुकतंय, सायेब," मी चिडून म्हणालो.

त्यांनी माझ्या मायक्रोमीटरच्या तोंडात पांढरा कागद धरून हळूच ओढला. कागदावर लाल रेघ उमटली.

"कुणी पुजलं रं हे?"

"मीच."

पुढच्या खंडेनवमीला मी कुंकू मायक्रोमीटरच्या डबीला लावलं. नव्या मशीनला हार घालत होता तो येळ्ळूरचा गडी, माझ्यानंतर परीक्षेला बसून त्याच, पण पुसलेल्या मायक्रोमीटरनं पास झालेला.