प्रज्ञानं टनेलला "मावत नाही" म्हणायला लावलं

लातूर-उदगीरच्या क्लासमधून शिकून आज पुण्या-हैदराबादेत नेटवर्क सांभाळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला अजूनही मीटिंगमध्ये विचारतात ना, "उदगीर? ते कुठं आलं?"

तुमच्यातली प्रज्ञा आज सकाळी गेली. कॅन्सर. चाळिशीही गाठली नाही.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बाराखडी शिकलेली पोरगी. माझ्याकडे फिजिक्स शिकली आणि पुढं आमच्याच क्लासचं नेटवर्क बघायला आली.

उदगीरची शाखा निघाली. मी लातुरातून ऑनलाइन टेस्ट घ्यायचो.

पोरांचं "गुड मॉर्निंग सर" लगेच यायचं. पेपर मात्र तिकडं उघडायचाच नाही.

मी भडकलो. "मोबाइलवर खेळायलात का रे?"

सबंध वर्गाला शून्य दिलं.

प्रज्ञा केबिनमध्ये आली. "सर, पोरं खरं बोलायलीत. दोन शाखांच्या मधी टनेल हाय, म्हंजी इंटरनेटातून काढलेली आपली खासगी वाट. माहितीचं लहान पॅकेट जातंय, मोठं गायब होतंय. रेल्वेच्या पुलाखालून कडब्याचा टेम्पो जाणार नसंल तर आधी उंचीची पाटी लावत्यात का न्हाई? हितं पाटीच न्हाई."

तिथंच बसलेले क्लासचे संचालक हसले. "मग सगळ्यांनीच कडबा कमी भरा. मशीनींवर पॅकेटच्या मापाचा आकडाच कमी कर, विषय संपला."

"का? अरुंद हाय पूल, अन् लहान व्हायचं आपण? ज्यांचा रस्ता मोकळा हाय त्यांनी बी?"

दोष तिला कर्नलमध्ये सापडला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात.

टनेलला कळायचं की पॅकेट मोठं आहे. पण ब्रिजच्या, म्हणजे नेटवर्कचे तुकडे जोडणाऱ्या दुव्याच्या, पलीकडं बसलेल्या मशीनला ते कुणी सांगायचं, हे ठरलेलंच नव्हतं.

तिनं कोड लिहिला. टनेलनंच उत्तर तयार करायचं, "एवढं मावत नाही, इतकं पाठव," आणि ब्रिजमधून पाठवणाऱ्याकडं परत द्यायचं.

हा कर्नल सांभाळणाऱ्या जगभरच्या जाणकारांच्या मेलिंग लिस्टवर तिनं पॅच, म्हणजे कोडमधली ही दुरुस्ती, पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तिथंही एकानं लिहिलं, मशीनींवरचे मापाचे आकडेच कमी करा.

तिनं संचालकांना दिलेलं उत्तरच त्याला इंग्रजीत दिलं!

तिसऱ्यांदा पॅच घेतला गेला. ती पेढे घेऊन येईल असं वाटलं होतं.

दारातूनच म्हणाली, "सर, आता ती शून्यं खोडा."

खोडली. उदगीरच्या पोरांची सगळ्यांसमोर माफी मागितली. आयुष्यभर व्यासपीठं गाजवली, पण इतकं जड वाक्य कधी तोंडातून काढलं नव्हतं.

क्लासच्या फ्लेक्सवर टॉपर झळकतात. तिचा फोटो कधी लागला नाही. लागो न लागो, तिचा कोड तुमच्या सर्व्हरमध्ये चालू आहे.

आणि आपल्यातलेच कितीतरी जण फायरवॉलवर नेमका हाच परतीचा निरोप अडवतात. मोठं पॅकेट गिळायचं आणि गप्प बसायचं. याला सुरक्षा म्हणतात? मुजोरी आहे ही.

जय भीम, प्रज्ञा. तुझ्यापुढं हा मास्तर नतमस्तक आहे.

आणि तुम्ही, खाली हात जोडलेले इमोजी टाकत बसू नका. फायरवॉल उघडा. "पॅकेट मोठं आहे" हे उत्तर अडवणारा नियम शोधा आणि आजच काढून टाका.