तिकडूनबी दिसते

मालगुजारांच्या दिवाणजीनं माझी वेणी धरली आणि मला उठवलं.

"तिकडूनबी दिसते. ऊठ वं इथून."

तिकडून म्हणजे पडद्याच्या मागून. सरकारी गाडी वर्षातून एखाद वेळा आमच्या गावात सिनेमा घेऊन यायची. चावडीपुढच्या मोकळ्या जागेत दोन बांबू रोवायचे, मधे पांढरं कापड ताणायचं. समोर मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, घरच्या खुर्च्या, त्यामागे सतरंजीवर गाव. आणि कापडाच्या पाठीमागे, मातीत, आमचा बौद्ध मोहल्ला. धर्म बदलून वर्षं झाली होती. सिनेमा पाहायची जागा तीच होती.

मागूनही चित्र दिसतं, यात खोटं काही नाही. फक्त उलटं दिसतं. पडद्यावरची सगळी माणसं डाव्या हातानं जेवायची. मला वाटायचं, शहरात तशीच रीत असेल. तेव्हा मी चौथीत होते आणि नुकतीच भराभर वाचायला लागले होते. दिसेल ते वाचायचे, बिडीच्या बंडलावरचं, खताच्या पोत्यावरचं. पण पडद्यावरचं अक्षर काही केल्या लागेना. म्हणून मी बांबूला वळसा घालून समोर गेले आणि सतरंजीच्या कडेला टेकले. पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. दुसरं वाचायच्या आत दिवाणजी आला.

वेणी ओढल्याचं दुखणं त्याच दिवशी गेलं. पुढचं राहिलं. मी उठल्यावर एका बाईनं सतरंजीचा तेवढा कोपरा उचलून झटकला आणि लोटाभर पाणी आणून शिंपडलं. सिनेमा चालूच होता. कोणी मान वळवून पाहिलंही नाही.

मायजवळ जाऊन बसले. माय म्हणाली, "काहून गेली होती वं तिकडं? इथून नाही दिसत का तुले?"

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, एक दिवस असा सिनेमा दाखवीन की माय समोर बसेल.

आता यापुढचं सांगायला जीभ अडते. पण सांगते.

मी शिकले. मास्तरीण झाले, साकोलीकडच्या एका शाळेत. नागपूरला शिकताना दोन मित्र झाले होते, त्यांना सिनेमाचं वेड. एकानं कुठून तरी कॅमेरा मागून आणला. आम्ही तिघांनी मिळून एक छोटा सिनेमा केला. नट नाही, नटी नाही, गाणी नाहीत. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका भैयाजींच्या बांधीत, चिखलाच्या शेतात, धान रोवतात, तेवढंच. बायका स्वतःच बोलतात. सगळ्यात जास्त बोलते माझी माय. एका ठिकाणी ती डावा हात कॅमेऱ्यापुढे धरते. धान कापताना विळ्यानं गेलेली दोन बोटं दाखवते आणि हसते.

हा सिनेमा पहिल्यांदा आमच्याच गावात दाखवायचा, हा हट्ट माझा. मित्र प्रोजेक्टर घेऊन एसटीनं आले. जागा चावडीपुढची, शाळेच्या भिंतीला लागून. पण शाळेत वीज नव्हती. वीज फक्त भैयाजींच्या राइस मिलमधे. भैयाजी म्हणजे त्याच मालगुजारांचे थोरले चिरंजीव. त्यांच्याकडे मीच गेले. पोशाख कडक इस्त्रीचा, बोलणं गोड. वायर देतो म्हणाले, खुर्च्या पण देतो म्हणाले. मी निघताना सहज सांगावं तसं म्हणाले, "बसायचं मात्र नेहमीसारखं राहू द्या, मास्तरीणबाई. उगाच गावात कटकट नको."

मी म्हणाले, "हव जी."

एवढंच. कोणी माझी वेणी धरली नव्हती. खिशात माझ्या पगाराचे पैसे होते, अंगावर धुतलेलं पातळ होतं. जबरदस्ती कोणाचीच नव्हती. माझा सिनेमा दिसावा, आजच दिसावा, नागपूरच्या मित्रांपुढे फजिती होऊ नये, एवढ्याचसाठी मी हव जी म्हणून आले. घरी येईस्तोवर मनाची समजूतही घातली, की आधी दाखवणं तर होऊ दे, बाकीचं मग बघू.

दिवस मावळला. मी माझ्या हातानं बांबूला कापड बांधलं. समोर खुर्च्या लागल्या. आमच्या माणसांना काही सांगावं लागलं नाही. बायका लेकरं काखेत मारून आल्या आणि सरळ मागे निघाल्या. माय थांबली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, डोक्याला तेल लावलं होतं. सिनेमा तिच्या लेकीचा होता आणि त्यात तीही होती. तिनं आधी खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमी मागंच बसतो वं बाई. चालते न?"

ती विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं होतं की हे विचारता येतं. मी वायर जोडत होते. मान वर न करता म्हणाले,

"बस माय. तिकडूनबी दिसते."

तोंडातून निघाल्यावर कळलं, हे वाक्य कोणाचं. तरी मी वायर जोडतच राहिले. माय गेली.

सिनेमा सुरू झाला. खुर्च्यांमधे खसखस पिकली. आपल्याच बांधीतल्या बायका पडद्यावर पाहून लोकांना मजा वाटत होती. माझ्यानं तिथं थांबवेना. मायचं तोंड तरी बघू म्हणून मी मागे गेले. तेवढ्यात पडद्यावर तिनं हात पुढे केला.

मातीत बसलेली माय आपल्या हाताकडे बघायला लागली. मग पडद्याकडे. परत हाताकडे.

"हे मी नाही वं," ती शेजारणीला म्हणाली. "माहा डावा गेला. हिचा तर उजवा गेला हाये."

शेजारीण म्हणाली, "मागून उलटं दिसते न, म्हणून."

मायनं कापडापलीकडच्या खुर्च्यांकडे हात केला. मग म्हणाली, "म्हणजे खरी मी त्याइलेच दिसून राहिली?"

रागानं नाही म्हणाली. नीट समजून घ्यावं म्हणून म्हणाली. लाज वाटली, किळस आली स्वतःची. मायला समोर बसवीन म्हणून जिनं शपथ घेतली होती, तिनंच मायला मातीत बसवून तिचं तोंड भैयाजींना दाखवायला ठेवलं होतं.

मी पुढे आले आणि प्रोजेक्टर बंद केला. मित्राला म्हणाले, कापड सोड. खुर्च्यांकडे वळून म्हणाले, "पडदा भिंतीवर लावून राहिली मी. सगळे इकडूनच पाह्यतील."

भैयाजी खुर्चीतून उठलेही नाहीत. "लाइन आमच्या मिलची आहे, मास्तरीणबाई."

"मंग काढून घ्या."

त्यांनी काढून घेतली. दिवा गेला. खुर्च्याही त्यांच्याच, त्याही उचलल्या गेल्या. शाळेची भिंत चुन्यानं रंगवलेली, चांगली पांढरीशुभ्र, तशीच उभी राहिली. इतकी वर्षं ती तिथंच होती. बांबू रोवायची गरजच नव्हती कधी.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या मोहल्ल्यातला एक म्हातारा माझ्यावरच चिडला. "दिसून राहिलं होतं न वं आमाले. काहून बंद केलं?" त्याला काय सांगणार? त्या हंगामात भैयाजींच्या बांधीत आमच्या घरच्या कोणालाच रोवायला बोलावलं नाही. मायला दूरच्या गावी कामाला जावं लागलं. नकार मी दिला, किंमत तिनं दिली.

पुढे साकोलीच्या मंडपवाल्याचं जनरेटर भाड्यानं आणलं आणि आमच्या विहाराच्या भिंतीवर तो सिनेमा लावला. भर दुपारी, खिडक्यांना पोती ठोकून. सगळा मोहल्ला आला. माय नाही आली. मी घरी बोलवायला गेले तर सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"चाल न माय. आता सरळ दिसते."

"पाह्यला न मी एक डाव," ती म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

त्यानंतर माय गेली तोवर तिनं तो सिनेमा पाहिला नाही. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती हसून म्हणाली असती, जाऊ दे. ते मला नको होतं. आजही नको आहे.

आम्ही सिनेमे दाखवत राहिलो. आमचे, आमच्यासारख्यांनी केलेले. नाकाडोंगरीला दाखवले, चिखल्याला खाणीतल्या माणसांना दाखवले. एका गावात पोरांनी आमच्या आधीच बांबू रोवून कापड ताणून ठेवलं होतं. मोठ्या हौसेनं. मी म्हणाले, काढा. भिंत कुठं आहे ते दाखवा. सरपंच म्हणाले, "भिंतच कायले पाह्यजे बाई? कापडावर चांगलं दिसते. दोन्ही बाजूनं दिसते."

"म्हणूनच," मी म्हणाले.

ते हसले. भिंत काही दिली नाही. मी प्रोजेक्टर पेटीत भरला आणि एसटीच्या थांब्यावर येऊन बसले. ज्या गावात भिंत मिळत नाही, तिथं मी सिनेमा लावत नाही. मित्र रुसले, लोक आडमुठी म्हणाले. म्हणू देत. मायला मागे बसवणारे हात माझेच आहेत, आणि त्या हातांनी मी पुन्हा कुठं कापड बांधणार नाही.