उत्तर किनाऱ्यावरचा काबोश

हर्मिन्यो समुद्राकडे पाठ करून वाकला. माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं खडकांवर काढलेला माणूस, उलट मलाच ओरडायचा, पाठ करू नको म्हणून. मी वर मक्याची भाकरी घेऊन उभी. समुद्र तेलासारखा गप्प. एकच लाट आली. गेली तेव्हा खडक रिकामा. संध्याकाळी बोटवाल्यांनी त्याला आणला, तोवर भाकरी माझ्या हातातच. असं कसं झालं, मला अजून कळत नाही.

सगळं त्या काबोशापायी. बोटाएवढा मासा, ओहोटीच्या डबक्यात दगडाखाली राहतो. आमच्या अझोर्सच्या बेटावर तो दक्षिणेलाच, उत्तरेच्या लाटांत टिकत नाही, असं विद्यापीठातल्या बाई फोनवर म्हणाल्या. हर्मिन्योने इथे उत्तरेला तीनदा पाहिला होता. वाहून आला असेल, म्हणाल्या. कॉफीच्या दुकानात झेफेरीनो तर रोज विचारायचा, "काय रे, तुझा मासा सकाळच्या बसने येतो की दुपारच्या?" सगळे हसायचे. ह्याला लागायचं. अंडी सापडली की झालं, वाहून आलेला संसार मांडत नाही, म्हणायचा.

त्या दिवशी दगड उलटला आणि ओरडला, "ल्युसिंडा, अंडी आहेत गं! बाप राखण करत बसलाय, हलतच नाही!"

तसाच सोडून आला असता तर. पण उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, अंडी सुकतात, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दगड जड. बसवायला पलीकडून धरावा लागला, म्हणून पाठ झाली. मला दिसत होतं. त्याला मी काय सांगायचं, असं वाटलं, आणि बोललेच नाही.

तो गेल्यावर सातव्या दिवसाची चर्चमधली प्रार्थना झाली आणि त्याच दुपारी विद्यापीठातल्या बाई मासा बघायला आल्या, ते आधीच ठरलेलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ऐकल्यावर परत जाते म्हणाल्या. मी म्हटलं, चला.

दगड दोघींनी मिळून उचलला. मासा तिथेच, अंड्यांपाशी. बाईंनी फोटो काढले, दगड आम्ही परत बसवला. मग वही काढून त्यांनी हळूच विचारलं, कुणाला सापडला लिहू, आणि कधी.

 प्रार्थनेला वाटलेलं त्याच्या आठवणीचं कार्ड खिशात होतं, ते दिलं. त्याचं नाव आणि तो गेला ती तारीख, दोन्ही त्यावर छापलेली. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.